कापड आटलेलं नाही

मला साखर झालेली नव्हती, होऊ घातली होती. रक्ताचा रिपोर्ट टेबलावर माझ्याकडे फिरवून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काठावर आहात. अजून आत पडलेल्या नाहीत."

"मग ढकलतंय कोण?" मी विचारलं.

बाई वयानं लहान, पण हसल्या नाहीत. "थोडं घराण्याचं रक्त ढकलतंय, त्याला तुमचा इलाज नाही. पण वजन ढकलतंय, दिवसभर बसणं ढकलतंय, ताटातलं ढकलतंय. त्यांना तुम्ही अडवू शकता."

मग त्यांनी मला वजनकाट्यावर उभं केलं. आकडा बघून मी खाली उतरले, चपला काढल्या आणि पुन्हा चढले. चपलांना काही वजनच नव्हतं म्हणायचं.

"तुमचा काटा बिघडलाय," मी म्हणाले. "माझे कपडे मला अजून तसेच होतात. हा कोट बघा, किती वर्षांचा आहे. बटणं लागतात की नाही?"

बाईंनी कोटाकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं. "काटा बरोबर आहे," एवढंच म्हणाल्या.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो, हे आमच्या गल्लीत लहान पोरालाही ठाऊक आहे. त्या दिवशी मी दवाखान्यातून घरापर्यंत काट्याला, बाईंना आणि काट्याच्या कारखानदाराला शिव्या घालत आले.

आमचं शिंप्याचं दुकान आहे. नवरा कापतो, मी शिवते. त्याला सगळी गल्ली मास्तर म्हणते, म्हणून मीही मास्तरच म्हणते. दुकान खाली, घर वर. मशीनला मोटर बसवल्यापासून माझे पाय नुसते पॅडलवर ठेवलेले असतात. माझी दिवसभराची पायपीट म्हणजे मशीनपासून इस्त्रीच्या टेबलापर्यंत, आणि तेही मास्तर कपडा आणून द्यायला विसरले तर.

आईला साखर होती. आधी तिच्या पायाची बोटं गेली, मग पाऊल, मग ती. माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, चाळिशीतच लागली. ताई बटणांची काजं करायची. कोटाला हातानं काजं करणारं तिच्यासारखं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. दूरदूरचे शिंपी तिच्याकडे कोट पाठवायचे. आता तिचा उजवा डोळा पुरता गेलाय आणि डावा गढूळ झालाय. ती खिडकीशी बसते आणि बोलता बोलता तिचा हात मांडीवर टाके घालत राहतो. दोरा नाही, सुई नाही, कापड नाही. मला ते बघवत नाही. मी तिच्या घरी गेले की तिच्या हातांकडे सोडून सगळीकडे बघते.

आमच्या घराण्यात या आजाराबद्दल बोलताना लोक एक सुस्कारा टाकायचे आणि म्हणायचे, "खाण तशी माती." असं म्हणायचे, की जणू तो घरचा दागिनाच आहे आणि आज ना उद्या प्रत्येकीच्या गळ्यात पडायचा. आई म्हणायची, मावशी म्हणायची, ताईसुद्धा म्हणायची. म्हटलं की सगळ्यांना बरं वाटायचं आणि पुढचं वाढप व्हायचं.

मला नको होता हा दागिना. सुईत दोरा ओवून देतात ते माझे डोळे आहेत, आणि मी ते कुणालाही काढून देणार नव्हते. घराण्यालाही नाही.

दुकानात शिरले तर मास्तर कापायच्या टेबलाशी होते. सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. हातातला खडू खाली ठेवून ते म्हणाले, "आधी काहीतरी खाऊन घे. रिकाम्या पोटी विचार करू नये." आणि कपाटातला केक काढला. आमच्या घरी स्वयंपाक मास्तर करतात. माणसाला खाऊ घातलं की दुःख पळतं, असा त्यांचा साधा हिशेब आहे.

मी केकला हात लावला नाही. कोट काढला आणि रागारागात खुंटीवर फेकला, तो उलटा अडकला. अस्तराची खालची कड जराशी सुटली होती, आणि आतली शिवण दिसत होती.

जन्म शिवण्यात गेलाय माझा. टीप उसवली की कापडावर बारीक भोकांची रेघ मागे राहते. इस्त्री केली तरी पुरती जात नाही. कोटाच्या बगलेखालच्या शिवणीत अशा रेघा एकापाठोपाठ एक होत्या. प्रत्येक वेळी टीप उसवून थोडी बाहेर सरकवलेली, आणि वरून अस्तर हातानं इतक्या बेमालूम टाक्यांनी बंद केलेलं, की ते टाके घालणारा हात या गल्लीत एकच होता, मास्तरांचा.

मी वर गेले. कपाटातला एकेक कपडा उलटा केला. कामाचे झगे, स्कर्ट, बाहेर जायचे दोन चांगले ड्रेस. सगळीकडे त्याच रेघा. एका स्कर्टच्या कमरेला तर मागच्या बाजूनं त्याच रंगाचा तुकडा जोडला होता, रेषा न् रेषा जुळवून. गिऱ्हाइकाला इतकं जुळवून दिलं असतं तर आम्ही त्याचे जादा पैसे घेतले असते.

सगळा ढीग उचलून मी खाली आणला आणि मास्तरांच्या टेबलावर टाकला.

"हे काय आहे?"

मास्तरांनी ढिगाकडे पाहिलं आणि सवयीनं म्हणाले, "कापड आटलं होतं."

हे वाक्य समजायला आमचा धंदा कळायला हवा. वर्षा-दोन वर्षांनी गिऱ्हाईक येतं, पँट पोटावर लागत नाही. शिंप्यानं त्याला कधीही 'तुम्ही सुटलात' म्हणायचं नाही. म्हणायचं, "कापड आटलं, साहेब. आणा, ढिली करून देतो." फुकट ढिली करून द्यायची. शिवतानाच आत जास्तीचं कापड ठेवलेलं असतं, ते त्यासाठीच. गिऱ्हाईक खूश, माणूस दुसऱ्या दुकानात जात नाही. मास्तरांच्या वडिलांनी त्यांना कात्रीच्या आधी हे वाक्य शिकवलं. मीही ते कितीकदा म्हटलंय. ते खोटं आहे हे आम्हाला माहीत असतं, गिऱ्हाइकालाही बहुतेक माहीत असतं, आणि दोघंही समाधानानं घरी जातात.

पण मला? मला हे वाक्य? माझ्या कोटाचं कापड कापण्याआधी मी स्वतः ते भिजवलं होतं, सावलीत वाळवलं होतं, इस्त्री मारून यांच्या हातात दिलं होतं. एकदा पाणी पाजलेलं कापड पुन्हा आटत नाही, हे मला सांगायची गरज होती का?

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का, मास्तर?" मी ओरडले. समोरच्या फुटपाथवरची दोन माणसं थांबली. थांबू देत.

"अगं, तुला वाईट वाटलं असतं," ते म्हणाले. "तू दमून येतेस, कपडा काचतो, तुझा चेहरा कसनुसा होतो. मला नाही बघवत. लाडानं केलं गं."

"आता फार बरं वाटतंय मला! आईच्या वाटेला लागलेय, ताईच्या वाटेला लागलेय, आणि माझ्या अंगावरचे कपडे मला सांगतायत की काही झालेलं नाही!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू. हा माणूस वर्षानुवर्षं माझ्या नकळत माझे कपडे उसवत बसला, ते माझ्यावर जीव आहे म्हणूनच. पण जीव लावणारी माणसंच अशी हळूहळू आत ढकलतात. परकी माणसं वजनकाट्यावर उभं करतात.

मी मशीनवर बसले. प्रत्येक कपड्याची सगळ्यात आतली, सगळ्यात जुनी रेघ शोधली आणि तिच्यावरच पुन्हा टीप घातली. मग मोठी कात्री घेतली आणि टिपेच्या बाहेरचं जास्तीचं कापड कापून टाकलं. चिंध्यांचा ढीग पायाशी पडला. आता ते कपडे जगातल्या कुठल्याही शिंप्याला ढिले करता आले नसते.

मास्तर डोक्याला हात लावून बघत होते. "अगं वेडे, हे आता तुला होणार कसे?"

"ते मला नाही होणार. मी त्यांना होईन."

बोलायला काय जातं. दुसऱ्या दिवशी घालायला काही नव्हतं. मी मास्तरांचा जुना शर्ट आणि एका गिऱ्हाइकानं न नेलेली पँट घालून मशीनवर बसले. गल्लीनं दोन दिवस करमणूक करून घेतली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं काही अवघड नव्हतं, म्हणूनच ते फार अवघड होतं. अर्धं ताट भाजीचं. भात, पाव, बटाटा यांपैकी एकच, आणि तोही मुठीएवढा. गोड पेय बंद. जेवण झालं की खुर्ची शोधायची नाही, चालायला निघायचं. एक कपडा शिवून झाला की मशीनवरून उठायचं. बिनसाखरेच्या चहाचा पहिला घोट मी बेसिनमध्ये थुंकला. दुसरा गिळला. पुढे पुढे चहाला चहाची चव असते हे कळलं, आणि ती विशेष काही चांगली नसते हेही कळलं.

मास्तरांशी माझं भांड्यांचं युद्ध चाललं. ते भाताचा डोंगर वाढायचे, मी तो पातेल्यात परत ढकलायची. ते म्हणायचे, "एक दिवस खाल्ल्यानं काय होतंय?" मी म्हणायची, "आईही एकेक दिवसच खात होती." मग ते रुसायचे. रुसलेला स्वयंपाकी फार वाईट. त्यांनी आठवडाभर मला नुसता उकडलेला कोबी वाढला. मी तो संपवला आणि पुन्हा मागितला. तेव्हा कुठे ते हरले आणि भाजीत लसूण घालायला लागले.

दुपारी दुकान बंद असतं तेव्हा मी चालायला निघायची, आणि गल्लीतले उंटावरचे शहाणे जागे व्हायचे. कुणी म्हणे, रोज कडू पाला खा, साखर कापली जाते. कुणी म्हणे, या वयात चालून गुडघे घालवाल. एकानं काळ्या बाटलीतलं औषध आणून दिलं. मी बाटली डॉक्टरीणबाईंना दाखवली आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे नळाखाली रिकामी केली. आणि हो, बेकरीसमोर एकदा पाय थांबले. क्रीमचा मोठा तुकडा घेतला आणि तिथंच उभी राहून बोटं चाटत खाल्ला. छान होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायला निघाले. चुकले म्हणून उपास धरायला मी काही शाळकरी पोर नव्हते.

त्याच दिवसांत एक गलेलठ्ठ साहेब पँट घेऊन आले. पोटावर हुक लागत नव्हता. मास्तर तोंड उघडणार, तेवढ्यात मी बोलून गेले, "कापड आटलेलं नाही, साहेब. तुम्ही वाढलात. ढिली करून देते, पण रक्त तपासून घ्या."

साहेब तांबडेलाल झाले आणि पँट टाकून तरातरा निघून गेले. मास्तर माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, "दुकान बुडव माझं!" ती पँट अजून आमच्याकडे टांगलेली आहे. साहेब काही परत आले नाहीत.

वजन हललं ते गोगलगायीच्या चालीनं, मधे कितीतरी दिवस हललंच नाही. पण एका झग्यात हात गेले, मग खांदे गेले. बटणं लागायला अजून अवकाश होता.

त्या सुमाराला ताईनं जेवायला बोलावलं. तिच्या घरी वाढतात भावोजी. त्यांनी माझ्या ताटात भाताचा ढीग घातला, मी त्यातला बराचसा परत काढला आणि भाजी घेतली. ताईला ताट दिसत नव्हतं, पण चमच्याचा आवाज ऐकू आला.

"एवढंच?" ती म्हणाली.

मी सांगितलं. काठावर आहे, आत पडायचं नाहीये, म्हणून हे सगळं चाललंय. मोठ्या तोऱ्यात सांगितलं, कारण मला त्याचा अभिमान वाटत होता. ताई ऐकत राहिली. तिचा मांडीवरचा हात थांबला.

"म्हणजे मी खाल्लं म्हणून माझा डोळा गेला," ती म्हणाली.

"तसं कुठं म्हटलं मी?"

"तसंच म्हटलंस. तुला टाळता येतं, म्हणजे मलाही टाळता येत होतं. म्हणजे माझीच चूक. इतकी वर्षं मी म्हणत आले, खाण तशी माती, निदान कुणाचा दोष नाही. तेवढंच होतं माझ्याकडे. तेही घेऊन चाललीस?"

भावोजी पातेलं हातात धरून तसेच उभे राहिले. मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी मी आत कुठेतरी संतापलेलीच होते. पण तिच्यावर नव्हे.

मी उठले, तिच्या कपाटातून आमच्याच दुकानात शिवलेला तिचा निळा ड्रेस काढला, उलटा केला आणि बगलेखालची शिवण तिच्या बोटांत दिली.

"बघ."

डोळे गेले तरी ती बोटं ताईचीच होती. ती शिवणीवरून सरकली, पहिल्या रेघेशी थांबली, पुढच्या रेघेशी थांबली. परत मागे गेली. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"मास्तर," ती हळूच म्हणाली. "मला म्हणाले होते, कापड आटलं."

"मलाही तेच म्हणाले. ताई, रक्त आईचं आलं, तो तुझा दोष नाही. आणि बाकीचं तुला कुणी कळूच दिलं नाही. सगळे गोड बोलले, ढिलं करत गेले आणि वाढत गेले. घरचे, दारचे, आम्ही दुकानवाले, सगळे. मी तुझ्यावर बोट नाही दाखवत गं. मी त्यांच्यावर चिडलेय, आणि त्यांच्यात मीही आले."

ताईनं ड्रेस बाजूला ठेवला. "तू घरी जा आता," ती म्हणाली.

मी गेले. वाटेत रडले, रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत. वाटलं, डोळे वाचवायला निघाले आणि बहीण घालवून बसले. तरी दुसऱ्या दिवशी चालणं सोडलं नाही, कारण सोडलं असतं तर दोन्ही गेलं असतं.

पुढच्या तपासणीत रिपोर्ट बरा आला. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. "काठापासून मागे आलात," त्या म्हणाल्या. "पण काठ आहे तिथंच आहे बरं का. हे जन्मभर करायचंय, आणि तपासत राहायचंय." मी म्हटलं, भांडण जन्मभर करायचं असेल तर मी योग्य बाई आहे.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी दुकान बंद करायच्या वेळेला, दारात ताई उभी. भावोजींचा दंड धरलेला, पायात नवेकोरे बूट. आत आली आणि सरळ म्हणाली, "मास्तर, माझं माप घ्या. कमरेचं."

मास्तरांनी बावरून माझ्याकडे पाहिलं. मी टेप पुढे केली. त्यांनी टेप फिरवली, जुळवली आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा," ताई म्हणाली. "डोळा गेलाय, कान नाही."

"शेचाळीस," ते म्हणाले, मोठ्यानं. त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाचं माप असं मोठ्यानं कधी कुणी ऐकलं नव्हतं. ताईचा चेहरा क्षणभर आक्रसला. मग तिनं मान हलवली.

"हं. निदान आता कळलं तरी."

भावोजी मला कानात सांगितल्यासारखं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कधीपासून समजावतोय. डॉक्टर म्हणाले ना, गेलेला डोळा काही परत येणार नाही."

"गेलेला मागतंय कोण?" ताई त्यांच्याकडे वळली. "उरलेला माझा आहे. तो मी देत नाही." मग माझ्याकडे, "माझ्या डॉक्टरांना विचारून आलेय. इंजेक्शन चालूच राहणार आहे. पायांना जपायचं, बूट घातल्याशिवाय निघायचं नाही. आणि चक्कर आली तर खिशात गोड गोळ्या आहेत, लगेच द्यायच्या. नुसती बघत राहू नकोस."

"आणि मी तुझ्यावर चिडले तर?" मी म्हटलं.

"चीड. पण चालता चालता."

तिनं माझा दंड धरला आणि आम्ही निघालो. तिची पकड घट्ट होती, बोटं रुतत होती. फुटपाथची कड आली की मी सांगायची, ती पाऊल उचलायची. कोपऱ्यावर बेकरीवाला दुकानासमोर वाटेतच उभा होता. ताईला लहानपणापासून ओळखणारा माणूस. तो तिला बघून कळवळला.

"अहो ताई, कशाला हा त्रास करून घेता? आता या वयात काय राहिलंय? या, बसा, काहीतरी खा."

ताईनं पावलं आवरली नाहीत.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. "मला नीट दिसत नाही, आणि मी थांबणार नाहीये."

बेकरीवाला बाजूला झाला.